गरवायला जाताना पिशवीत सुरी असली तर?

प्रश्न : वकीलताई, मी ऐरोलीत राहतो, रबाळ्याला एका कारखान्यात नोकरी करतो. सुट्टीच्या आदल्या रात्री भरतीची वेळ बघून आम्ही तिघे मित्र खाडीवर गरवायला, म्हणजे गळानं मासे धरायला, जातो. बोय मिळते, कधी नशीब असेल तर जिताडा. पिशवीत रॉड, रीळ, गळांची डबी, चाऱ्याची कोळंबी आणि मासे साफ करायची एक सुरी असते. गेल्या महिन्यात रात्री उशिरा परतताना नाकाबंदीत आमची बाइक अडवली. सुरी बघितल्यावर मुठीपासून टोकापर्यंत पट्टी लावली आणि ‘बारा इंच आहे, हे हत्यार झालं’ असं सांगितलं. तासभर बसवून ठेवलं, नावं-पत्ते लिहून घेतले आणि सुरी ठेवून घेऊन सोडलं. कागद काही दिला नाही. सुरीचं पातं सात इंचांचं आहे, बाकी मूठ. कुणी म्हणतं तीन इंचांच्या वर चाकू नेताच येत नाही, कुणी म्हणतं सहा, कुणी नऊ. खरं काय? आमच्यावर गुन्हा दाखल झालाय का, हे कसं कळेल? बायको आता जाऊच देत नाही. (कृपया नाव छापू नये.)

उत्तर : भाऊ, नऊ इंचांचा आकडा कायद्यात आहे. पण तेवढ्या एका आकड्यावर विसंबून खाडीवर जाऊ नका. तुमच्यासारखी पत्रं बरीच येतात, म्हणून या वेळी सगळं सविस्तर लिहिते.

आधी शस्त्र अधिनियम, १९५९. त्यात शस्त्राची व्याख्या करताना हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी घडवलेली वस्तू असं म्हटलंय, आणि केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी घडवलेल्या वस्तू स्पष्टपणे वगळल्यात. या कायद्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. त्यांच्या पहिल्या अनुसूचीतल्या पाचव्या वर्गात तलवारी, गुप्त्या, खंजीर, भाले येतात, आणि त्याच ओळीत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्या. सेंटिमीटरमध्ये धरलं तर साधारण तेवीस आणि पाच. तिथंही घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती वगळलेली आहेत.

यात दोन गोष्टी नीट बघा. मोजायचं ते पातं. नियमात शब्द पात्याचा आहे, मूठ धरून केलेलं माप त्यात बसत नाही. तुमच्या पिशवीत असते ती मासे साफ करायची सुरी मी ओळखते : पातं लवचीक, पाठीला टेकवून दाबलं की वाकतं, रुंदी अंगठ्याएवढीसुद्धा नाही, काट्याला लागून मांस सोडवायला केलेली. सात इंचांचं तसं पातं लांबीतही बसत नाही आणि रुंदीतही नाही. शिवाय ते कशासाठी केलंय हे बघणाऱ्याला लगेच कळतं. शस्त्र कायद्याच्या पाचव्या वर्गात तुमची सुरी येत नाही, हे मी ठामपणे लिहिते.

तीन इंचांचं जे ऐकलंत ते दिल्लीचं आहे. तिथल्या प्रशासनानं बटणाच्या आणि गरारीच्या (दातेरी खटक्याच्या) चाकूंसाठी ७.६२ सेंटिमीटरची अधिसूचना काढली होती. मोबाइलवर फिरता फिरता तिच्यातली ‘दिल्ली’ गळून पडली आणि ‘तीन इंच’ तेवढं उरलं. ठाणे-नवी मुंबईला ती लागू नाही. सहा इंच कुठून आलं हे मात्र मला कुठल्याच कायद्यात सापडत नाही, तो आकडा सोडून द्या.

आता खरी अडचण, जिच्याबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१. याच्या कलम ३७(१) खाली आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांना, आणि बाहेर जिल्हाधिकाऱ्यांना, सार्वजनिक शांततेसाठी मनाई आदेश काढता येतो. सण, निवडणूक, मोर्चा, तणाव, काहीही कारण असू शकतं. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते आणि आपण ती न वाचता पान उलटतो. त्या आदेशाची भाषा ठरलेली असते : शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, दंडे, बंदुका, सुरे, काठ्या किंवा शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू बरोबर नेण्यास मनाई. यात इंच नाहीत. पातं चार इंचांचं असलं तरी ‘सुरे’ या शब्दात बसू शकतं. आदेश मोडला तर कलम १३५ खाली एक वर्षापर्यंत कैद आहे, आणि न्यायाधीशांनी लेखी कारणं दिली नाहीत तर ती चार महिन्यांपेक्षा कमी देता येत नाही, वर दंड. नाक्यावर हवालदार ‘सदतीस-एक लागू आहे’ म्हणतात ते हेच.

म्हणून जायच्या आधी एवढं बघा की आज आपल्या हद्दीत मनाई आदेश आहे का, आणि असेल तर त्यात कोणाला सूट दिलीय. ऐरोली-रबाळे नवी मुंबई आयुक्तालयात येतं. हद्द ओलांडून विटावा-कळव्याला आलात की ठाणे आयुक्तालय. एकाच रात्री एका बाजूला आदेश असू शकतो आणि दुसरीकडे नसू शकतो. पोलीस ठाण्यात फोन करून विचारता येतं, त्यात संकोच कसला! आदेश चालू असेल त्या दिवशी सुरी घरी ठेवा, मासे घरी आणून साफ करा. दोरी कापायला लहान कात्री पुरते. मी पक्षकारांना हेच सांगते आणि माझ्या भाच्यांनाही, कारण कोर्टात निर्दोष सुटणं ही चांगली गोष्ट असली तरी त्यासाठी जी वर्षं जातात ती कोणी परत देत नाही. विशीतल्या पोराच्या नावावर एक खटला चालू राहिला की पासपोर्ट अडतो, सरकारी नोकरीची चारित्र्य पडताळणी अडते. ठाणे कोर्टाच्या व्हरांड्यात अशी पोरं मी रोज बघते. त्यातली सगळी गुंड नसतात.

आदेश नसेल त्या दिवशी सुरी नेणं गैर नाही, पण कशी नेता याला महत्त्व आहे. पातं म्यानात किंवा जाड कापडात गुंडाळून, गळ-चाऱ्याच्या डब्यातच, पिशवीच्या तळाशी. कमरेला किंवा बाइकच्या डिकीत सुटी ठेवायची नाही. जाताना-येताना वाटेत बारमध्ये थांबायचं नाही, हे मी मोठी बहीण म्हणून सांगते. रात्रीसाठी पोलीस कायद्यात वेगळी तरतूद आहे. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात गुन्हा करण्याच्या हेतूनं घातक हत्यार घेऊन सापडणारा माणूस तिच्यात अडकतो. हेतू सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारी पक्षाची. तुमच्या बाजूनं बोलणार ते रॉड, ओली जाळी आणि पिशवीतली बोय. या सगळ्या वस्तू सुरीसोबत एकत्र असू द्या.

एक आग्रहाची सूचना. ऑनलाइन ‘हंटिंग नाइफ’, ‘टॅक्टिकल नाइफ’ म्हणून जे मिळतं ते मासेमारीसाठी घेऊ नका. दुधारी पातं, पाठीवर करवतीचे दाते, बटण दाबलं की उघडणारं, काळा रंग. ती वस्तू कशासाठी घडवली याचं उत्तर तिच्या खोक्यावरच छापलेलं असतं, आणि कायदा तोच प्रश्न विचारतो. मासे तिनं नीट साफही होत नाहीत. ठाण्याच्या बाजारपेठेत भांडीवाल्यांकडे लाकडी मुठीची साधी सुरी मिळते, ती घ्या आणि बिल जपून ठेवा.

आता तुम्ही बसता कुठं, हे पत्रात नाही. ते मला कळलं असतं तर बरं झालं असतं, कारण ऐरोली पूल आणि वाशी पूल यांच्या मधल्या खाडीचा मोठा भाग २०१५ पासून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे. सुमारे १,६९० हेक्टर, त्यात ८९६ हेक्टर कांदळवन आणि ७९४ हेक्टर पाणी. २०२२ मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला. अभयारण्य म्हटलं की वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागतो, आणि त्याच्या कलम ३१ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन आत जाता येत नाही. त्या कायद्यातली शस्त्राची व्याख्या वाचून माझ्या ओळखीचे जुने खाडीकरसुद्धा चकित झाले. बंदुका, दारूगोळा, धनुष्यबाण, स्फोटकं आहेतच. त्यांच्या जोडीला गळ, सुऱ्या, जाळी, विष, फास आणि सापळे आहेत. म्हणजे अभयारण्याच्या हद्दीत सुरी घरी ठेवून गेलात तरी सुटका नाही. तुमच्या डबीतला गळच शस्त्र ठरतो. मूळचे कोळी पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यात मासेमारी करत आलेत, त्यांचा विषय वेगळा आहे. रविवारचा हौशी गरवणारा त्यांच्या हक्काच्या आडोशाला उभा राहू शकत नाही.

हद्द कुठं सुरू होते हे अंदाजानं ठरवू नका. ऐरोलीला वनविभागाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तुमच्या घराजवळच. तिथं जाऊन नकाशावर आपली बसायची जागा दाखवा आणि विचारा. तिथला माणूस सांगेल तेच धरा. कांदळवनात वाट करायला कोयता चालवणं तर कुठंच नको, अभयारण्यात नको आणि बाहेरही नको. सरकारी जमिनीवरचं कांदळवन राखीव वन म्हणून जाहीर झालेलं आहे आणि फांदी तोडणं हा तिथं स्वतंत्र गुन्हा आहे. खाडीत आज जे मासे टिकून आहेत ते या चिखलातल्या झाडांमुळे. चेंदणी कोळीवाड्यात मी वाढले. भरतीला पाणी कुठवर यायचं आणि निवट्या कुठं उड्या मारायच्या हे मला आठवतं, आणि तिथं आता काय आहे तेही मी बघते.

तुमच्या सुरीचं आणि गुन्ह्याचं. पोलिसांनी वस्तू जप्त केली तर पंचनामा व्हायला हवा, त्यावर पंचांच्या सह्या हव्यात. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करणं बंधनकारक आहे, ते मोबाइलवरही करता येतं. तुमच्या बाबतीत यातलं काही झालं नाही असं पत्रावरून दिसतं. म्हणजे गुन्हा नोंदला नसण्याचीच शक्यता जास्त, पण शक्यतेवर झोपू नका. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर पोलीस ठाणं आणि तारखा टाकून एफआयआर बघता येतात. संवेदनशील गुन्हे सोडले तर ते तिथं चढवावेत असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. तिथं काही नसेल तर त्या हद्दीच्या वरिष्ठ निरीक्षकांना साधा अर्ज द्या : अमुक तारखेला, अमुक वेळी, अमुक ठिकाणी सुरी ठेवून घेतली, जप्तीचा पंचनामा असल्यास प्रत मिळावी, नसल्यास सुरी परत मिळावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. सुरी दोनशे रुपयांची असेल, तरी अर्ज करा. उद्या कोणी तीच सुरी तुमच्या नावावर दुसऱ्या तारखेला दाखवली तर ही पोच तुमच्या कामी येईल. गुन्हा नोंदलेला निघाला तर मात्र स्वतः काही लिहून देऊ नका, आधी वकील गाठा. अशा गुन्ह्यांत बहुधा अटकेऐवजी त्याच संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस देऊन बोलावता येतं, त्या नोटिशीला वेळेवर हजर राहा.

आणि पुढच्या वेळी अडवलं तर वाद न घालता पहिल्याच वाक्यात सांगा, ‘साहेब, गरवायला गेलो होतो, पिशवीत मासे साफ करायची सुरी आहे.’ त्यांनी शोधून काढण्याआधी तुम्ही सांगितलेलं असलं की निम्मा संशय जातो. रात्रपाळीच्या त्या हवालदारालाही समोरच्या पिशवीतून काय निघेल हे माहीत नसतं, त्याच्या जागी उभं राहून बघा. पैसे मात्र पावतीशिवाय कोणालाही देऊ नका. वहिनींना हे उत्तर वाचायला द्या.

प्रश्न : आम्ही मूळ शहापूरकडचे, आता कळव्याला असतो. होळीच्या सुमारास गावी माझे मेहुणे आणि त्यांचे मित्र कुत्री घेऊन पारधीला जातात. भाला, कोयते असतात, बंदूक नसते. ससा किंवा रानडुक्कर मिळतं. या वर्षी मलाही बोलावलंय. बंदूक नसल्यामुळे परवाना लागत नाही असं ते म्हणतात. हे बरोबर आहे का? मी नुसता बरोबर गेलो तर चालेल का?

उत्तर : नाही, आणि जाऊ नका. प्रश्न हत्याराच्या परवान्याचा नाहीच. वन्यजीव कायद्याच्या कलम ९ प्रमाणे अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार देशभर बंद आहे. रानडुक्कर आणि ससा दोन्ही दुसऱ्या अनुसूचीत आहेत. शिकारीच्या व्याख्येत मारणं, पकडणं, फासात अडकवणं, हाकारा करून पिटाळणं आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्न करणं सगळं येतं. म्हणजे काहीही न मिळता रिकाम्या हातानं परत आलात तरी गुन्हा पुरा होतो, आणि नुसते हाकाऱ्यात उभे राहिलात तरी तुम्ही आरोपी. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तेच तानसा अभयारण्याच्या हद्दीत घडलं तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं. शहापूरच्या जंगलात ही हद्द पायाखाली कधी येते ते अनेकदा कळतही नाही. वापरलेली हत्यारं आणि गाडी सरकारजमा होते. मेहुण्यांची पिकअप हप्त्यावर असेल तर तीही.

रानडुकरं भात आणि भुईमूग उकरून टाकतात, रात्र रात्र माचावर जागावं लागतं, हे मी जाणून आहे. त्यासाठी दोन सरळ वाटा आहेत. पिकाचं नुकसान झालं की लगेच वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्यायचा आणि भरपाईचा अर्ज करायचा. उपद्रव फारच असेल तर कलम ११ खाली अधिकृत वनाधिकाऱ्याच्या लेखी आदेशानं अशा प्राण्याचा बंदोबस्त करता येतो. तोंडी ‘चालतंय’ला काही अर्थ नाही, भले ते सरपंचांनी सांगितलेलं असो.

येऊरला पहिल्या पावसात ओढ्यात खेकडे धरायला जाणाऱ्यांनीही हे वाचावं. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, आणि अभयारण्यातला शस्त्रबंदीचा नियम राष्ट्रीय उद्यानालाही लागू आहे. सुरी, जाळी, गळ, फास, सगळं गेटच्या बाहेर.

प्रश्न : माझी आई दिवाळे कोळीवाड्यातून मासळी घेऊन लोकलनं विकायला जाते. टोपलीत मासळी कापायचा कोयता असतो, पातं चांगलं चार बोटं रुंद. मनाई आदेश लागला की मला धास्ती वाटते. तिला कोणी पकडेल का?

उत्तर : बाळा, आईचा कोयता दोन इंचांपेक्षा रुंद आहे, तरी शस्त्र कायद्यात तो बसत नाही, कारण तो मासळी कापण्यासाठीच घडवलेला आहे. वर लिहिलेला अपवाद अशाच पात्यांसाठी आहे. माझ्या आत्यानं असाच कोयता घेऊन ठाण्याच्या मंडईत धंदा केला, त्याच्या पाठीला मासळीच्या तेलाचा थर बसलेला असायचा.

मनाई आदेशाची गोष्ट थोडी नाजूक आहे. बऱ्याच आदेशांत म्हाताऱ्यांच्या आधाराच्या काठीला आणि कामावरच्या सरकारी नोकरांना सूट लिहिलेली असते, मासळीवालीच्या कोयत्याचा उल्लेख बहुधा नसतो. धंद्यासाठी नेलेल्या अवजारावर आजवर कोणी बोट ठेवलं नाही म्हणून पुढंही ठेवणार नाही, असं धरून चालता येत नाही. माझ्या मते आदेश काढतानाच ‘उपजीविकेची अवजारे वगळून’ एवढे तीन शब्द त्यात घालायला हवेत. तुमच्या मच्छीमार सोसायटीनं पोलीस आयुक्तांना तसं लेखी निवेदन द्यावं. मसुदा हवा असेल तर मासिकाच्या पत्त्यावर पत्र पाठवा, मी करून देईन, त्याचे पैसे नाहीत.

तोवर आईला सांग की कोयता गोणपाटात गुंडाळून टोपलीच्या तळाशी ठेवायचा, वर मासळी. सोबत मच्छीमार ओळखपत्र किंवा महापालिकेचं फेरीवाला प्रमाणपत्र, जे असेल ते, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. मूळ कागद भिजतो, म्हणून झेरॉक्स टोपलीत आणि मूळ घरी. जमलं तर एक कोयता मंडईत गाळ्यावरच, कुलपाच्या पेटीत ठेवायची सोय करा, म्हणजे रोज नेआण करायला नको. आणि तुझा नंबर तिच्या फोनमध्ये पहिल्या बटणावर ठेव. कोणी अडवलं तर तिनं घाबरून कुठल्याही कागदावर अंगठा द्यायच्या आधी तुला फोन लावायचा.